वाकलेली रेकॉर्ड सरळ करायची, की तशीच वाजवायची?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावर सासऱ्यांच्या चाळीसेक रेकॉर्ड सापडल्या. निम्म्या जुन्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, बाकी एलपी (मोठ्या, 33 च्या वेगाच्या) आणि थोड्या ईपी (लहान, बहुतेक 45 च्या). बऱ्याच वाकल्यात. सासऱ्यांचा चार स्पीडचा प्लेअर बंद पडलाय. मुलाने घेतलेला नवा टर्नटेबल फक्त 33 आणि 45 वर चालतो आणि त्यावर सुई उड्या मारते. शेजारचे म्हणाले, ओटीजीत ठेवा नाहीतर टॉवेल टाकून इस्त्री फिरवा. बालगंधर्वांची एक 78 सगळ्यात जास्त वाकलीय आणि तीच सासऱ्यांची लाडकी होती.

इस्त्री आणि ओटीजी दोन्ही आजच्या आज डोक्यातून काढून टाका. बाकीचं सावकाश सांगतो.

तीसेक वर्षं लोकांच्या रेकॉर्ड धुतोय, वाजवतोय, कॉम्प्युटरवर उतरवून देतोय. त्यातून एक मत पक्कं झालंय: वाकलेल्या दहा रेकॉर्डपैकी सात-आठ तापवायची गरजच नसते. आवाज सुई जिच्यातून फिरते त्या बारीक खाचेत असतो आणि वाकलेल्या रेकॉर्डचीही खाच बहुतेक वेळा शाबूत असते. उष्णता दिली की धोका त्या खाचेलाच. म्हणून आधी आहे तशी वाजवता येते का बघायचं, वाजली की तिची प्रत काढून ठेवायची, आणि सरळ करण्याचा विचार त्यानंतर.

पहिलं काम म्हणजे कोणती रेकॉर्ड कशाची आहे ते ओळखणं. 78 लाखेची असते. लाख, त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू. हातात जड लागते, नखाने टिचकी मारली तर कपबशीसारखा टणक आवाज येतो, आणि पडली की संपली. एलपी आणि बहुतेक ईपी विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या जातीच्या. त्या लवतात, टिचकीला बद्द वाजतात. दोन्ही उष्णतेने वाकतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पार्सलवर सील मारायची लाख किंवा सोनाराची लाख पाहिली असेल तर कल्पना येईल: गार असताना काचेसारखी, ऊब लागली की मेणासारखी. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात, आडव्या ठेवलेल्या चळतीत, वर ट्रंक, अशी तीस वर्षं गेली की लाखेची तबकडी खालच्या वस्तूचा आकार घेते. विनाइल साधारण 60 अंशांपर्यंत तग धरतं. मात्र दुपारी उन्हात उभ्या केलेल्या टॅक्सीच्या मागच्या काचेशी तेवढं तापमान सहज होतं. या रेकॉर्ड नव्या घरी नेताना डिकीत किंवा मागच्या काचेखाली ठेवू नका, मांडीवर उभ्या धरून न्या.

तिसरा एक प्रकार क्वचित निघतो. मधल्या भोकाच्या कडेला चकाकता अॅल्युमिनियम दिसला तर ती कारखान्यात छापलेली रेकॉर्ड नाही, स्टुडिओत थेट कापलेली आहे. तिला ऊन नाही, गरम हवा नाही, ओला हातसुद्धा नाही. वरचा थर पापडासारखा सुटतो. तशी निघाली तर गुंडाळून बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आता वाक कसला आहे ते बघा. रेकॉर्ड फिरत असताना समोर डोळे नेऊन आर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताकडे पाहा. आर्म वर-खाली होत असेल तर वाक. डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. या दुसऱ्या दोषातही सूर दर फेऱ्याला लाटेसारखा वर-खाली जातो, आणि लोक त्याला वाक समजून बिचारी रेकॉर्ड भाजून काढतात. तिथे उष्णतेचा काही उपयोग नाही. मग रेकॉर्ड सपाट काचेवर ठेवून वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. सरळ रेकॉर्डवर नळीची रेघ सरळ दिसते, वाकाशी ती कमरेत मोडते. रेकॉर्डखालची फट मोजायला मी गॅरेजवाल्यांचं फिलर गेज वापरतो. घरी पोस्टकार्डं एकावर एक सरकवून पाहिलीत तरी अंदाज येतो.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वाक किती उंच आहे यापेक्षा तो किती लांबीत आहे हे महत्त्वाचं. अर्ध्या रेकॉर्डवर पसरलेला दोन मिलिमीटरचा बाक चांगला आर्म आरामात चढतो-उतरतो. काठावरची बोटभर रुंदीची, एक मिलिमीटरचीसुद्धा नसलेली चिमट सुईला हवेत फेकते. लोकल पुलावर चढते तेव्हा तुम्हाला जाणवत नाही, पण रिक्षा खड्ड्यात गेली की डोकं छताला लागतं, तसंच हे.

आणि वेग. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. 78 ला तोच फेरा पाऊण सेकंदात होतो. तोच वाक सव्वादोनपटीहून थोड्या जास्त वेगाने आला तर सुईला बसणारा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साडेपाचपट. तुमच्या मुलाच्या टर्नटेबलला 78 चा स्पीड नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण वाकलेल्या लाखेच्या रेकॉर्डसाठी मी मुद्दाम 78 टाळतो. ती 45 वर वाजवा. धक्का एक तृतीयांश होतो. तरीही उडत असेल तर 33 वर वाजवा, धक्का पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. गाणं अर्थातच घोगरं, झोपेत गायल्यासारखं येईल. ते तसंच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात वेग बदलण्याच्या खिडकीत 45 वरून 78 असे पर्याय तयारच असतात. निवडलं की बालगंधर्व स्वतःच्या पट्टीत येतात. स्वराचा समतोल थोडा हलतो, कारण अॅम्प्लिफायरमधली बास-ट्रेबलची दुरुस्ती खऱ्या वेगासाठी बेतलेली असते. तो नंतर इक्वलायझरवर कानाने लावून घ्यायचा.

दोन अटी आहेत. 78 ची खाच एलपीपेक्षा खूप रुंद. एलपीची सुई तिच्यात घातली तर ती तळाशी घसटत राहते, नुसती खरखर ऐकू येते आणि सुईही जाते. 78 साठी वेगळी सुई लागते, टोक साधारण 3 मिलचं, म्हणजे 75 मायक्रॉनच्या आसपास. बऱ्याच साध्या कार्ट्रिजना (आर्मच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) अशी सुई वेगळी मिळते, समोरून ओढून बदलता येते. आणि वजन: एलपीला दीड-दोन ग्रॅम, 78 ला तीन ते पाच, त्या सुईच्या कागदावर लिहिलेल्या मर्यादेत.

दुसरी युक्ती 78 पुरतीच, पण सोन्यासारखी. जुनी 78 मोनो असते, तिच्यात आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टीरिओ कार्ट्रिज उभी हालचालही पकडतं, आणि वाकाची धडधड ही सगळी उभी हालचाल. डावा-उजवा चॅनल एकत्र मिसळून मोनो केला की उभी हालचाल आपापसात कटते आणि आडवी उरते. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, नसेल तर ऑडॅसिटीत करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं कोणीतरी मागचा पंखा बंद केला.

एलपीचं थोडं वेगळं. तिथे सुई उडण्यामागे बरेचदा रेकॉर्डपेक्षा आर्म आणि कार्ट्रिजची जोडी जमलेली नसते. सुईची लवचीक दांडी म्हणजे स्प्रिंग, आर्म म्हणजे तिला लटकलेलं वजन. या जोडीचा स्वतःचा झोका असतो. तो सेकंदाला 8 ते 12 वेळा असावा. वाकाच्या हालचाली सेकंदाला अर्ध्यापासून पाच-सहा वेळांपर्यंत असतात. खूप लवचीक सुई जड आर्मला लावली की झोका खाली घसरून नेमका त्या टापूत येतो आणि बारीकसा वाकही झोपाळ्याला ढकलल्यासारखा वाढत जातो. म्हणून महागडं कार्ट्रिज लावल्यावर जास्त उडायला लागलं अशी तक्रार घेऊन माणसं येतात, त्यात आश्चर्य काही नाही. वाकड्या एलपींना मध्यम लवचीकतेचं, साधं, मजबूत कार्ट्रिज बरं. वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. दोन ग्रॅमपर्यंत चालतं म्हटलं असेल तर दोनच ठेवा, भीतीने दीड करू नका. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. उडून परत आपटणारी सुई खाचेचं जास्त नुकसान करते.

सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचा उद्योग आपल्या सगळ्यांच्या घरी झालाय. ते स्टीलचं नाणं जवळजवळ तीन ग्रॅमचं. म्हणजे दीड ग्रॅमच्या सुईवर तिप्पट ओझं, शिवाय जड झालेला आर्म वाकावरून उतरताना आणखी मागे राहतो. आमच्या घरच्या एलपींच्या पहिल्या गाण्यांत तेव्हाची खरखर अजून आहे.

वाटीसारखा बाक असेल तर बाजूप्रमाणे फरक पडतो. घुमट वर आला की लेबलवर ठेवायचं वजन उपयोगी पडतं, मध्य दाबला की काठ बसतात. वाटी वर तोंड करून असेल तर त्याच वजनाने काही होत नाही, तिथे काठावर बसणारी धातूची रिंग लागते. ती महाग असते आणि स्वस्त टर्नटेबलच्या बेअरिंगला सोसत नाही. लाखेच्या रेकॉर्डवर मात्र कुठलाही क्लॅम्प आवळू नका. तिच्याखाली जिथे पोकळी आहे तिथे पोस्टकार्डाचे तुकडे सरकवा, म्हणजे ती डुगडुगणार नाही. तेवढ्याने निम्मं काम होतं. वाजताना स्पीकरचा पडदा धापा टाकल्यासारखा आत-बाहेर होत असेल तर अॅम्प्लिफायरवरचं सबसॉनिक फिल्टरचं बटण दाबून ठेवा.

इतकं करूनही जी वाजत नाही, तीच तापवायची. आणि तिची दुसरी प्रत कुठेच नाही असं वाटत असेल तर आधी चौकशी करा. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईतच 1990 साली निघाली, आणि या शहरात लाखेच्या रेकॉर्ड जपणारे बरेच आहेत. तीच रेकॉर्ड कोणाकडे सरळ असेल तर गाणं तिथून घ्या आणि सासऱ्यांची प्रत आठवण म्हणून आहे तशी ठेवा. बालगंधर्वांच्या रेकॉर्ड भरपूर खपलेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शक्यता चांगलीच आहे. वडाळ्याच्या कारखान्यात निघालेली यंग इंडिया या जुन्या रेकॉर्ड छापाची एखादी अनोळखी गायकाची तबकडी असती तर मी जास्त घाबरलो असतो.

लाखेच्या 78 ला मुंबईचं ऊन पुरतं. मार्च ते मे, सकाळी अकराच्या सुमारास. पावसाळ्यात हा उद्योग नको, आणि ऑक्टोबरच्या उन्हाचा भरवसा नाही. काचवाल्याकडून 8 किंवा 10 मिलिमीटरच्या साध्या काचेचे दोन तुकडे घ्या, 14 इंच बाय 14 इंच, कडा घासून. टफन्ड काच नको, भट्टीत रोलरवरून जाताना तिला बारीक लाट येते, आणि आपल्याला हवी ती सपाटी. खाली प्लायवूड ठेवा.

रेकॉर्ड आधी धुवायचीच. साधं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर यातलं काही लाखेला लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, फर्निचरचं पॉलिश असंच करतात. धुऊन एक दिवस पूर्ण सुकू द्या. धूळ राहिली तर नरम लाखेत ती रुतून बसते आणि मग कायमची टकटक. काच आणि रेकॉर्डच्या मध्ये कापड, कागद काही घालू नका, त्याचा पोत उमटतो.

काच उन्हात, तिच्यावर रेकॉर्ड, उचललेला भाग वर. वरची काच अजून ठेवायची नाही. आता तिथून हलू नका. फोन आला तरी नाही, आणि गच्चीवर असाल तर कावळ्याकडेही लक्ष ठेवा. 50 अंशांच्या पुढे लाख नरमायला लागते. काठाखालची फट दर दोन-तीन मिनिटांनी पाहा. काळी तबकडी ऊन पिते, त्यामुळे कधी सात मिनिटांत, कधी पंधरा मिनिटांत ती स्वतःच्या वजनाने खाली येताना दिसते. फटीतली उजेडाची रेघ बारीक होत होत मिटते. मिटली की लगेच वरची काच अलगद ठेवा आणि प्लायवूडसकट सगळं सावलीत आणा. वर दोन जाड पुस्तकं, बस. पंचवीस किलोची गोणी नको; गरम लाखेवर जास्त दाब दिला तर खाचेचे खांदे चेपतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडायचं नाही. कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो बहुधा तापाच्या पुढचं दाखवत नाही.

प्लायवूडसकट म्हणालो त्यामागे माझीच चूक आहे. सुरुवातीच्या काळात हिराबाई बडोदेकरांची एक दहा इंची उन्हात छान बसली होती. घाईने नुसती काच उचलून आत आणली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. कडप्पा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला होता. टक् असा एकच आवाज आला. खालची काच आडवी गेली आणि तिच्याबरोबर वर चिकटून बसलेली रेकॉर्डही, लेबलच्या मधोमध. मालक समोर खुर्चीत बसला होता. तो काही बोलला नाही, हेच वाईट.

कडेने पाहिल्यावर थर दिसणाऱ्या, आतून वेगळ्या गाभ्याच्या 78 उन्हात टाकू नका, त्यांना फोड येतात. केसाएवढी तडा असलेली रेकॉर्डही नाही. तडा काठापासून लेबलकडे गेलेली असते, आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की दिसते.

एलपीला ऊन नाही. तिला हळू, एकसारखी, मोजून उष्णता लागते. माझ्याकडे प्लायवूडचं खोकं आहे, आत दोन 40 वॉटचे साधे बल्ब, मध्ये पत्र्याचा आडोसा, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला अंडी उबवण्याच्या पेटीचा डिजिटल थर्मोस्टॅट. दोन काचांमध्ये एलपी ठेवून 52 अंशांवर दोन तास, नाही बसली तर पुढच्या दिवशी 55, फार तर 57. साठ कधीच नाही. नंतर बल्ब बंद करून खोकं रात्रभर न उघडता गार होऊ देतो. गरम असताना बाहेर काढलेली एलपी सरळ दिसते आणि चार दिवसांत जुन्या आकाराकडे परत जाते. घरच्या ओटीजीत हे का नाही? तिचा काटा 60 दाखवतो तेव्हा आत कॉइलजवळ 80 असू शकतं, आणि एलपीचा बारा इंचांचा घेर बऱ्याच ओटीजीत मावतही नाही. इस्त्री आणि हेअर ड्रायर एका जागी भाजतात, बाक जातो आणि त्या जागी कुरवड्या उभ्या राहतात.

सरळ झालेली एलपी पूर्वीइतकी शांत वाजेलच असं नाही. दर फेऱ्याला हलकासा सर्र आवाज राहू शकतो. म्हणून साधी, बाजारात परत मिळणारी चित्रपटाची एलपी असेल तर मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो: चोरबाजारात मटन स्ट्रीटला एक चक्कर मारा, दुसरी प्रत घ्या. घाई नसेल तर काचेत घालून वर पुस्तकं ठेवून दोन-तीन महिने विसरून जा. पूर्ण सरळ नाही होत, पण सुई उडायची थांबते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

ठेवताना सगळ्या उभ्या, एकमेकींना टेकून कललेल्या नाहीत, आणि 78 वेगळ्या, एलपी वेगळ्या. पन्नास 78 म्हणजे दहा किलोच्या वर वजन, फळी बघून घ्या. पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल तर त्यात नको. लाखेच्या रेकॉर्डना प्लॅस्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते; कागदी पाकीट आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, जूनपासून दर महिन्याला बदलून.

बालगंधर्वांच्या रेकॉर्डपासून सुरू करू नका. आधी चाळीसातली जी 78 कमी वाकलीय आणि जिचं तुम्हाला फारसं वाटत नाही ती काढा, धुवा, 78 ची सुई लावून 45 वर वाजवून पाहा. हात बसला की मग ती. आणि तिला खरंच ऊन दाखवायची वेळ आलीच, तर कडेला तडा नाही ना हे ट्यूबलाइटखाली दोनदा पाहा. शंका वाटली तर मला तिरक्या उजेडातला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा.